शिशातला दात

सोमीने माझ्याकडे पहिल्यांदा काही मागितलं ती माझी छत्री. तीही अख्खी नाही, तिची एक काडी.

साल १९५४. लग्न होऊन अलिबागहून डहाणू रोडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये येऊन मला वर्षही झालेलं नव्हतं. आमचे हे मालधक्क्यावर मालबाबू होते. नाव एकनाथ. हे नाव मी लग्नात उखाण्यात घेतलं, त्यानंतर आज लिहिताना घेते आहे. आदल्या रविवारी आम्ही समुद्रावर फिरायला गेलो होतो आणि वाऱ्याने माझी माहेरची छत्री उलटी करून तिची पार दशा केली होती. ती ओट्यावर पडली होती. सोमी डोक्यावर लाकडांची मोळी घेऊन आली, मोळी उतरवली आणि घाम पुसायच्याही आधी म्हणाली, "बाय, ती छत्री तू टाकनार का? तिची येक काडी दे माना."

मला राग आला. काडीचा नाही, 'तू'चा. माझी धाकटी जाऊसुद्धा मला अहोजाहो करायची, आणि ही लाकूडवाली मला तू म्हणते! पुढे कळलं की या मुलखात देवालाही तू म्हणतात आणि मामलेदारालाही. मग माझं नाक हळूहळू ठिकाणावर आलं. पण त्या दिवशी मी फणकाऱ्यानेच विचारलं, "काडी कशाला हवी?"

"गोल्या पाडायला. शिशाच्या."

मी दार लावून घेतलं. संध्याकाळी हे आल्या आल्या मी सांगून टाकलं, की तुमच्या स्टेशनाजवळ बंदुकीच्या गोळ्या करणारी बाई राहते आणि ती आपल्याकडे लाकडं टाकते. हे इतके हसले की चहा नाकात गेला. मग म्हणाले, "अगं, पागाच्या गोळ्या. जाळ्याच्या."

पाग म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं. त्याच्या कडेला सगळीकडून शिशाच्या गोळ्या ओवलेल्या असतात. जाळं हवेत पसरतं, पाण्यावर पडतं आणि गोळ्यांच्या भाराने चहूकडून एकदम खाली जातं, म्हणून मासा आत सापडतो. गोळी ओवायची तर तिला आरपार भोक हवं, आणि ते भोक पडायला ओततानाच साच्यात छत्रीची काडी घालून ठेवायची. एवढाच त्या काडीचा गुन्हा. दुसऱ्या दिवशी मी सोमीला अख्खी छत्री देऊन टाकली. तिने काड्या तेवढ्या काढून घेतल्या आणि कापड मला परत आणून दिलं.

शिसं मात्र आमच्याच घरातून जायचं म्हणायला हरकत नाही. मालगाडीच्या बंद वाघिणीच्या दाराला तार ओवून शिशाचं सील लावलेलं असतं, चपटं, पावलीएवढं, ज्या यार्डातून वाघीण निघाली तिथल्या पकडीने दाबलेलं. वाघीण धक्क्याला लागली की आमचे हे सील तपासायचे, तार कापायचे आणि सील खाली पडायचं. तपासून झालेल्या सीलची किंमत कचऱ्याएवढी. सोमी रुळांच्या कडेने वाकून ती गोळा करायची. इतर बायका कोळसे वेचायच्या, ही सील.

गोळ्या कशा पाडतात हे बघायला मी एकदा तिच्या पाड्यावर गेले, स्टेशनाच्या पूर्वेला. तिथे मला लाहू पहिल्यांदा दिसला. सोमीचा माणूस, मूळचा उधव्याचा. उंच, हडकुळा आणि तोंडाने कायम हसणारा. हसला की समोरच्या एका दाताचा तुटलेला कोपरा दिसायचा. ताडावरून पडला होता. ताडावर कशाला चढला होता हे कोणी विचारायचं नाही, दारूबंदीचे दिवस होते.

साचा त्याने माझ्यासमोर केला. वारुळाची माती चाळून, तिच्यात भाताच्या तुसाची राख मिसळून, भाकरीच्या पिठासारखी मळली. गोल गोळीसाठी गोल वस्तू हवी, ती त्याने रिठ्यातून काढली. रिठ्याची काळी बी इतकी गोल असते की सोनारालाही तशी घडवता येणार नाही. बीला मोहाच्या तेलाचं बोट लावलं आणि मातीच्या एका वडीत ती अर्धी दाबली. शेजारी दोन बारीक खळगे केले, वर तेल फिरवलं आणि दुसरी वडी वरून दाबून बसवली. त्या खळग्यांमुळे दोन्ही वड्या पुन्हा जुळवल्या तर जराही सरकत नाहीत. थोडं सुकल्यावर वड्या उघडून बी काढून घेतली, ओतायला वरून पन्हळ कोरली आणि काडी बसेल अशी बारीक चीर पाडली. मग सावलीत सुकवणं, शेणीत भाजणं. सगळ्यात शेवटी साच्याच्या पोटाला दिव्याची काजळी धरायची, म्हणजे शिसं चिकटत नाही.

"नी वला ठेवायचा नाय," लाहू मला बजावून सांगत होता, जणू मी घरी जाऊन लगेच गोळ्या पाडणार होते. "वल्या साच्यात शिसां वतलां का ता थुकतां. तोंडावर."

लोखंडी पळीत सील वितळली, वरची राखाडी साय काढली आणि ओतलं. पहिली गोळी सुरकुतलेली निघाली. साचा गार असला की पहिली तशीच निघते, ती परत पळीत टाकायची. दुसरी झकास आली. लाहूने ती निवू दिली आणि दाताखाली धरून चावली. शिसं चोख असलं तर दात रुततो, भेसळ असली तर कटकन लागतं. गोळीवर दोन दातांची खूण उमटली, एक अख्खा आणि एक कोपरा नसलेला, मध्ये फट. सोमीने ती माझ्या हातात ठेवली आणि तोंडावर पदर धरून हसली. "बघ, बाय. उंदराना कुरतडली."

परत येताना मी तिला विचारलं, तुमचं लग्न कधी झालं? म्हणाली, "व्हायचां हाय."

मी कपाळाला हात लावला. पुढे समजलं की त्यांच्यात ही रीतच आहे. संसार आधी, लग्न मागाहून. पाड्याला जेवण घालायचं, भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहायचा, धवलेरीला बोलवायचं, ती गाणं म्हणत लग्न लावते. हे सगळं जमेल तेव्हा. कोणी कोणी तर आपल्या पोरांच्या मांडवात आपलंही उरकून घेतात. त्यात कोणाला काही वाटत नाही. पण सोमीला वाटायचं. तिला लग्न हवं होतं. दुसऱ्यांच्या लग्नातून आली की ती मला चौक कसा काढला होता ते अंगणात काडीने काढून दाखवायची, आणि मग पायाने पुसून टाकायची.

१९५५ च्या दिवाळीनंतर एक ठेकेदार माणसं गोळा करायला आला. बडोद्याच्याही पुढे एका मोठ्या यार्डात काम होतं. लाहू निघाला. त्याच्याबरोबर तलासरीकडचा हाल्या म्हणून एक जोडीदार होता. लाहूला पक्की नोकरी हवी होती, दंडावर पितळी बिल्ला हवा होता. पक्का झालो की येतो आणि लगीन लावतो, असं तो सोमीला सांगून गेला. आणखी एक सांगून गेला. तिकडून डहाणूला तेलाचे डबे आणि सरकीची पेंड यायची. त्या वाघिणींना सील लावायचं काम मिळालं तर डहाणूचं सील चावून लावीन. "तुना कलल, मी हाय."

मला हे पोरकट वाटलं. यार्डात शेकडो माणसं, तिथे याला सील लावायला कोण देणार? मी सोमीला तसं तोंडावर म्हणालेसुद्धा.

होळीच्या सुमाराला ती धापा टाकत क्वार्टरवर आली. मूठ उघडली. आत पेंडीच्या वाघिणीचं सील होतं. एका बाजूला यार्डाची खूण आणि कडेला दोन दात, मध्ये फट. मी ते उजेडात धरून बघितलं आणि खरं सांगते, मला हेवा वाटला. आमच्या ह्यांनी मी माहेरी गेले तरी मला कधी दोन ओळी लिहिल्या नाहीत. खुशाली विचारायची तर स्टेशनमास्तरांच्या तारेतून विचारत, तीही माझ्या वडिलांची. आणि इथे एक माणूस एवढ्या लांबून आपला दात पाठवतो.

"ठेव तुझ्याकडं," सोमी म्हणाली. "तुना पटत नव्हतां ना? माझ्याकडं आता येतच राहनार."

मी ते शिवणाच्या डब्यात बटणांमध्ये टाकलं.

आणि खरंच येत राहिली. कधी महिन्याने, कधी दोन महिन्यांनी. सोमी प्रत्येक सील मला दाखवायला आणायची आणि घरी नेऊन वितळवायची. आज वाचणाऱ्याला हे विचित्र वाटेल, पण लाहूनेच तिला शिकवलं होतं, की दात रुतलेलं शिसं चोख, ते पळीत पहिलं टाकायचं. तिने त्याचं ऐकलं. शिवाय तिला त्यात मजा वाटायची. नरपडचे मच्छीमार तिच्या गोळ्या घेऊन सुके बोंबील द्यायचे, आणि ती म्हणायची, "लाहूचा दात दर्यात गेला. आता मासं चावल." येतच राहणाऱ्या गोष्टी कोण जपून ठेवतं?

एकदा मात्र तिची घाई तिला नडली. लाहूचा साचा तडकला होता. भाद्रपदात हवा दमट, नवा साचा नीट सुकला नव्हता, आणि नेमकं त्याच वेळी चावलेलं सील आलं. तिला दम निघेना. ओतलं, आणि शिसं थुंकलं. मनगटावर रुपयाएवढा डाग पडला तो कायमचा. मी खोबरेल लावता लावता तिच्यावर भरपूर तोंडसुख घेतलं. ती म्हणाली, "लाहूना सांगितलां होतां. मीच नाय आयकलां." आणि भाजल्या जागेच्या कडेने बोट फिरवत राहिली.

वर्षं गेली. लाहू आला नाही. पक्का होत नव्हता, आणि सुट्टीवर आला तर जागा जाईल अशी भीती असणार. निरोप यायचे कधीमधी, कोणाकोणाच्या तोंडून. पुढच्या सालाला, पुढच्या सालाला. सोमीच्या बरोबरीच्या बायकांची लग्नं लागून गेली. ती मोळ्या टाकत होती, सील वेचत होती, गोळ्या पाडत होती. एकोणसाठच्या दिवाळीनंतर तिने मला सील आणून दाखवणं बंद केलं. मी मनात म्हटलं, नव्याचे नऊ दिवस संपले. येतात का, असं विचारलं तर मान हलवायची. यायची.

साठ साली महाराष्ट्र वेगळा झाला तेव्हा स्टेशनावर पेढे वाटले. हे फेटा बांधून गेले होते. सोमीला मी पेढा दिला तर ती तो हातात धरून उभी राहिली. "बाय, आता ता यार्ड दुसऱ्या राज्यात गेलां?"

"गेलं."

"मंग तिकडच्या वाघिनी येतील ना? का बंद होतील?"

मी हसले. म्हटलं, राज्यं निराळी झाली तरी रूळ तेच आहेत, येतील. तिने पेढा पदरात बांधला. तिच्या तोंडावर इतकी सुटका दिसली की मला वाटलं, केवढी ही वेडी आशा.

एकसष्टच्या थंडीत ह्यांचे जुने स्नेही विष्णुपंत दुपारच्या जेवणाला आले. तेही मालबाबू, आणि नुकतेच त्याच यार्डातून बदलून मुंबईकडे निघालेले. दोन गाड्यांच्या मध्ये वेळ होता. मी वाढत होते. ह्यांनी सहज विचारलं, आमच्याकडचा एक लाहू म्हणून आहे तिथे, ओळखता का?

"लाहू? उधव्याचा?" विष्णुपंत म्हणाले. "तो गेला की हो. दोन पावसाळे झाले. कावीळ झाली, आठवड्यात आटोपला. गुणी माणूस. त्याचा जोडीदार आहे अजून, हाल्या. तो मात्र जरा डोक्याने गेलेला आहे. डहाणूची वाघीण असली की दुसऱ्या कोणाला सीलला हात लावू देत नाही. आणि चावतो हो ते! आम्ही विचारून थकलो. लाहूचं काम आहे म्हणतो."

ह्यांच्या हातातला घास ताटात परत गेला. माझ्या हातात आमटीची वाटी होती, ती मी कुठे ठेवली ते मला आठवत नाही. विष्णुपंत बिचारे दोघांच्या तोंडाकडे बघत राहिले.

ते गेल्यावर हे म्हणाले, "तू सांग तिला." मी भडकले. बारा गावच्या मालाचे तुम्ही हिशेब ठेवता, आणि वाईट सांगायची वेळ आली की मी! पण खरं तर मला ठाऊक होतं की सांगायचं तर मीच. ह्यांनी सांगितलं असतं तर माल हरवल्याची वर्दी द्यावी तसं सांगितलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाड्यावर गेले. वाटेत वाक्यं जुळवली, मोडली, पुन्हा जुळवली. सोमी अंगणात तूस पाखडत होती. मला बघून तिने खाट टाकली, पाणी आणलं. मी पाणी प्यायले, आणखी मागितलं, तेही प्यायले. मग म्हटलं, "सोमी, काल त्या यार्डातले एकजण आले होते. लाहू..."

"ठावा हाय," सोमी म्हणाली.

तिने सूप खाली ठेवलं. घरात जाऊन एक वाळका भोपळा घेऊन आली आणि तो माझ्यासमोर पालथा केला. सील पडली, चांगली ओंजळभर. सगळी चावलेली. तिने एक उचलून माझ्यापुढे धरलं.

"ह्यो बघ. ह्याचं दोनी दात आख्खं हायत."

मी बघितलं. दोन सरळ दात, शेजारी शेजारी. फट नव्हती.

"पयला आला तवा माना वाटलां, लाहूना नवा दात बसवला. रेल्वेचा डाक्तर बसवतो, असां आयकलां होतां. मी हसलू पन. म्हटलां, लगनासाठी बसवला." ती थोडा वेळ सील बोटांत फिरवत राहिली. "मंग दुसरा आला. तिसरा आला. दात बारीक हायत ह्यं. लाहूचं मोठं होतं."

"तो आजारी असेल, दुसऱ्याला सांगितलं असेल, असं नाही वाटलं?"

"जिता आसता तं दुसऱ्याला चावू दिला नसता."

मला रडू फुटलं. मी सांगायला आलेली, आणि रडणारीही मीच. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत होती आणि मला स्वतःची अतोनात लाज वाटत होती, पण रडू थांबेना. म्हटलं, "अगं, दोन वर्षं तू कोणाला बोलली नाहीस? पाड्यावर नाही, मला नाही?"

"काय बोलू? लगीन नाय झालां. रांडमूंड तरी कसी होऊ?"

कोंबड्या सीलमध्ये चोची मारायला लागल्या तशी तिने ती गोळा करून पुन्हा भोपळ्यात भरली. भरता भरता माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाय, लाहूचं सगलं मी वितलवलं. येकबी नाय ठेवला. तुझ्याकडं येक होता."

होतं की नव्हतं, मला आठवेना. सहा वर्षांत तीनदा घर रंगवलं होतं, डबे बदलले होते. मग तिने वर बघितलं आणि तिचे डोळे माझ्या तोंडावरून हलले नाहीत. मी जवळजवळ धावत घरी आले. शिवणाचा डबा जमिनीवर उपडा केला. बटणं, हुक, रिळं, एक मोडकी कात्री. नाही. बटणांची जुनी पुरचुंडी ट्रंकेत होती, ती सोडली. त्यात होतं. काळवंडलेलं, पण कडेला एक अख्खा दात, एक तुटका, मध्ये फट. मी देवापुढे ठेवून नमस्कार केला आणि मग मलाच हसू आलं, की सीलला काय नमस्कार करते आहेस वसुमती. पण केला.

तशीच पाड्यावर परत गेले. सोमीने ते हातात घेतलं, अंगठ्याने फटीवरून चाचपलं आणि पहिल्यांदा तिचे डोळे भरले. मग उठून माती भिजत घातली.

तो साचा सुकायला तिने जितका वेळ घेतला तितका कधी घेतला नसेल. आधी नेहमीसारखी रिठ्याची बी दाबली, वरून दुसरी वडी, खळगे, पन्हळ, काडीची चीर, सगळं लाहूने दाखवलं तसं. मग बी काढून घेतल्यावर एका वडीच्या पोटात लाहूच्या सीलची चावलेली कड हलकेच टेकवली. इतक्या हलके, की मी श्वास धरून बसले. सील उचललं. मातीत दोन बारीक उंचवटे उठले होते, मध्ये फट. मातीत उंच ते शिशात खोल. म्हणजे त्या साच्यातून पडेल ती प्रत्येक गोळी लाहूने चावलेली.

साचा रोज उन्हाला लावायची, संध्याकाळी आत घ्यायची. मी जाऊन विचारायचे, झाला का? ती मनगटावरचा डाग पुढे करायची आणि म्हणायची, "नाय. अजून वला हाय." भाजला, काजळी धरली, माझ्या माहेरच्या छत्रीची काडी बसवली. आणि ओतायच्या दिवशी भोपळा उपडा करून हाल्याची सील पळीत टाकली.

पहिली गोळी सुरकुतली. तिने शांतपणे परत पळीत टाकली. दुसरी ओतली, थांबली, साचा उघडला. गोळी काडीसकट केळीच्या पानावर पडली आणि दात वर करून थांबली. तसाच होता, फटीसकट.

मला वाटलं, आता ती शिसं चोख आहे का ते बघायला गोळी चावेल, नेहमीसारखी. तिने चावली नाही. काडी ओढून काढली, भोकातून काळा दोरा ओवला, दोन्ही बाजूंना काळे मणी घातले आणि गळ्यात बांधली. गाठ मागे स्वतःच मारली. मी मदतीला हात पुढे केला तर मानेनेच नको म्हणाली.

"झालां लगीन," ती म्हणाली.

पाड्यावर बोभाटा व्हायला वेळ लागला नाही. कोणी नावं ठेवली, कोणी हसलं. पण त्यांची म्हातारी धवलेरी, काळी तिचं नाव, एका दुपारी न बोलावता आली, सोमीच्या उंबऱ्यावर बसली आणि हळू आवाजात सगळं लग्नाचं गाणं म्हणून उठून गेली. सोमीने भिंतीवर चौक लिहिला. तो पुसला नाही. त्या साच्यातून तिने दुसरी गोळी पाडली नाही. साचा दोन्ही वड्या एकत्र बांधून, लाहूच्या सीलसकट, शिंक्यात ठेवून दिला.

त्रेसष्टला आमची बदली झाली. सामान गेलं होतं, आम्ही फलाटावर गाडीची वाट बघत होतो. धक्क्यावर बडोद्याकडून आलेली मालगाडी लागली होती आणि सोमी आली होती, मला निरोप द्यायला आणि सील वेचायला. दोन्ही कामं एकदम. हे नव्या मालबाबूंशी बोलत होते. मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, "सोमी, ह्यांची त्या यार्डात ओळख आहे. हाल्याला कळवू का, की तुला सगळं ठाऊक आहे? सुटेल बिचारा. किती वर्षं चावत बसणार?"

"नको, बाय." तिने माझा हात धरला. "त्याना लाहूला कबूल केलां आसल. तो चावतो, मी उचलतां. मी नाय उचललां तं त्याचा चावना फुकट जाल."

मग ती रूळ ओलांडून धक्क्याकडे गेली. पेंडीच्या वाघिणीचं दार उघडलं होतं. तार कापली, सील खाली पडलं. ती वाकली, सील उचललं, लुगड्याला पुसलं. मी लांबून बघत होते. तिने एका हाताने गळ्यातली गोळी उचलली आणि दुसऱ्या हातातलं सील तिच्याशेजारी धरलं. कड कडेला लावून, उजेडाकडे फिरवून, डोळे बारीक करून दोन्ही ताडून बघितली.

हाल्याचंच होतं. तिने ते पदराच्या टोकाला बांधलं आणि पुढच्या वाघिणीकडे गेली. तिथेही एक सील पडलं होतं. तेही तिने तसंच गोळीशेजारी धरलं. तेवढ्यात आमची गाडी आली.